एक प्रोसेसर की दोन? आपल्या अभ्यासिकेच्या सर्व्हरविषयी



संस्थेच्या अभ्यासिकेत पंचवीस संगणक व त्यांच्यासाठी एक सर्व्हर घ्यायचे ठरले, हे आपणांस ठाऊक आहेच. हा खर्च वर्गणीतून व्हायचा आहे आणि त्या वर्गणीत रोजमजुरीला जाणाऱ्या मायबहिणींचेही पैसे आहेत. दुकानदाराने दोन दरपत्रके दिली. एक, एका प्रोसेसरच्या सर्व्हरचे; दुसरे, दोन प्रोसेसरच्या सर्व्हरचे, किंमत जवळपास दुप्पट. बैठकीत एक मत असे पडले की घ्यायचेच तर मोठे घ्यावे, पुन्हा पुन्हा कोण घेतो ? आम्ही बँकेतले कारकून, शिक्षण कला शाखेचे. परंतु संगणकासमोर बसूनच भाकरी कमावतो, म्हणून हा विषय समजावून सांगण्याचे काम आमच्याकडे आले.

सर्व्हर म्हणजे अनेक संगणकांना माहिती पुरवणारा संगणक. त्यातील हिशेब करणारा भाग तो प्रोसेसर. एकाऐवजी दोन घेतले की काम निम्म्या वेळात होईल, असे कोणालाही वाटते. दरवर्षी ऑक्टोबरात चंद्रपूरच्या दीक्षाभूमीवर भोजनदान करणाऱ्या कार्यकर्त्यांना मात्र हे गणित अनुभवाने माहीत आहे. दि. १६ ऑक्टोबर १९५६ रोजी बाबासाहेबांनी येथे धम्मदीक्षा दिली, त्या स्मृतीसाठी खेड्यापाड्यांतून लोक येतात. वाढणारे हात दुप्पट केले की पंगत लवकर उठते. पण गंजातला भात शिजायला जेवढा वेळ लागतो तेवढा लागतोच, चुलीभोवती चार माणसे उभी केली तरी.

बँकेतही हेच. दि. १ एप्रिल २०१० पासून बचत खात्यावरील व्याज दररोजच्या शिलकेवर काढले जाते. त्यापूर्वी महिन्याच्या १० तारखेपासून अखेरपर्यंतची किमान शिल्लक धरीत. हिशेब वाढला, तरी एका खात्याचे व्याज दुसऱ्या खात्यावर अवलंबून नाही. खाती चार प्रोसेसरांत वाटून देता येतात. दिवसअखेर जमा-खर्चाचा मेळ घालणे मात्र सगळी खाती पुरी झाल्याशिवाय होत नाही. समजा, एका प्रोसेसरवर एकूण काम ६० मिनिटांचे आहे आणि त्यातली २० मिनिटे एकामागून एकच करावी लागणाऱ्या कामाची आहेत. उरलेली ४० मिनिटे दोन प्रोसेसरांत वाटली तर एकूण ४० मिनिटे लागतील, चारांत वाटली तर ३०. शंभर प्रोसेसर लावले तरी २० मिनिटांखाली उतरता येणार नाही. हा नियम जीन ॲमडाल या अमेरिकन अभियंत्याने १९६७ साली मांडला, म्हणून त्याला ॲमडालचा नियम म्हणतात. विद्यार्थ्यांनी तो कागदावर करून पाहावा.

एक आणि अनेक यांचा हा प्रश्न आपल्या देशापुढेही एकदा आला होता. हवामानाच्या अंदाजासाठी भारताने १९८० च्या दशकात अमेरिकेकडे क्रे एक्स-एमपी/२४ हा महासंगणक मागितला. मंजूर झाला तो एक्स-एमपी/१४. यातील पहिला आकडा प्रोसेसरांचा. म्हणजे मागितले दोन, मिळाला एक. त्याच सुमारास, १९८८ साली, पुण्यात सी-डॅक ही संस्था स्थापन झाली. तिचे प्रमुख डॉ. विजय भाटकर हे आपल्या विदर्भातले, अकोला जिल्ह्यातील मुरंबा गावचे. एकच अतिवेगवान प्रोसेसर बनवणे आपल्या आवाक्यात नव्हते. म्हणून ट्रान्सप्युटर नावाचे, बाजारात मिळणारे साधे प्रोसेसर मोठ्या संख्येने जोडून १९९१ साली ‘परम ८०००’ उभा केला. ट्रान्सप्युटर इनमॉस या मूळच्या ब्रिटिश कंपनीचे. जोडणी व त्यांच्याकडून एकत्र काम करून घेणारी प्रणाली आपल्या लोकांची. हवामानाचा हिशेब नकाशाचे चौकोन पाडून वाटता येतो, म्हणून हा मार्ग तेथे चालतो. अभ्यासिकेच्या कपाटातील पुस्तकांची यादी शोधणे हे त्या जातीचे काम नव्हे.

आता मुख्य गोष्ट. दरपत्रकातील ‘एक प्रोसेसर’ हा शब्द फसवा आहे. पूर्वी एका प्रोसेसरात हिशेब करणारा एकच गाभा असे आणि दरवर्षी त्याचा वेग वाढे. पुढे वेगाबरोबर उष्णता इतकी वाढली की इंटेल कंपनीने २००४ साली ४ गिगाहर्ट्झचा पेंटियम ४ आणण्याचा बेत सोडला. २००५ पासून साध्या संगणकांतही एकाच तुकड्यावर दोन गाभे येऊ लागले. आयबीएमने मोठ्या यंत्रांत हे २००१ सालीच केले होते. त्यामुळे आज एका प्रोसेसरच्या सर्व्हरमध्येही आठ, सोळा किंवा त्याहून जास्त गाभे असतात. दुकानदाराला विचारायचे ते हे : एकूण गाभे किती, आणि प्रोसेसर बसवायच्या जागा किती ?

दोन जागांच्या यंत्राची काही गुपिते दरपत्रकात लिहिलेली नसतात. त्यात प्रत्येक प्रोसेसरची स्वतःजवळची मेमरी असते. शेजाऱ्याच्या मेमरीतले काही हवे झाले की वेळ जास्त लागतो. ‘आत्ता एकच प्रोसेसर घेऊ, दुसरा पुढे बसवू’ म्हणावे, तर दुसरा बसेपर्यंत त्याच्या वाट्याच्या मेमरीच्या खाचा रिकाम्या पडून राहतात. शिवाय विंडोज सर्व्हरचा परवाना २०१६ च्या आवृत्तीपासून गाभ्यांच्या संख्येवर मोजला जातो, प्रत्येक सर्व्हरला किमान सोळा. गाभे वाढले की यंत्राबरोबर परवान्याचाही खर्च वाढतो. लिनक्स व ग्रंथालयासाठीची ‘कोहा’ प्रणाली यांना परवान्याचे पैसे पडत नाहीत.

एक गैरसमज आमच्या बँकेतही होता. दोन प्रोसेसर असले की एक बिघडला तरी दुसऱ्यावर काम चालेल, असा. दोन्ही एकाच पाटीवर, बहुधा एकाच कपाटात असतात. पाटी गेली की दोघेही गेले. फार वर्षांपूर्वी गडचिरोली जिल्ह्यातील एका शाखेत आम्ही असताना, पावसाळ्यात वीज येत-जात होती, यूपीएसची बॅटरी संपलेली होती आणि सर्व्हरची डिस्क बसली. प्रोसेसर दोन होते आणि दोन्ही ठणठणीत ! आदल्या रात्रीचा बॅकअप टेपवर होता म्हणून निभावले, तरी त्या दिवसाची प्रत्येक स्लिप आम्ही पुन्हा भरली. बाहेर निराधार योजनेचे पैसे घ्यायला आलेल्या म्हाताऱ्या बाया संध्याकाळपर्यंत बसून होत्या. काही परत चालत गेल्या. पर्लकोटा नदीला पूर आला की भामरागडचा रस्ता बंद होतो, तसल्या भागात सुटा भाग मागवला तर कधी येईल याची शाश्वती नसते.

दोन प्रोसेसरचा सर्व्हर वाईट, असे आमचे म्हणणे नाही. शेकडो लोक एकाच वेळी व्यवहार करतात, एका यंत्रात दहा-वीस आभासी यंत्रे चालवावी लागतात, किंवा एका प्रोसेसरला झेपणार नाही एवढी मेमरी लागते, तेथे तोच घ्यावा. आपल्याकडे पंचवीस विद्यार्थी सराव परीक्षा देणार, पुस्तकांची नोंद होणार आणि सभासदांचा हिशेब राहणार. एवढ्या कामात प्रोसेसर बहुतेक वेळ डिस्कची वाट पाहत बसतो. फिरत्या डिस्कऐवजी एसएसडी घेतल्याने जो फरक पडेल, तो दुसऱ्या प्रोसेसरने पडणार नाही.

म्हणून आम्ही कार्यकारिणीला लेखी दिले आहे ते असे : आठ गाभ्यांचा एक प्रोसेसर, ३२ जीबी मेमरी, तीही चुका सुधारणारी म्हणजे ईसीसी, दोन एसएसडी, एकीचे प्रतिबिंब दुसरीत, चांगला यूपीएस व त्याच्या बॅटरी बदलण्यासाठी दरसाल वेगळी काढलेली रक्कम, आणि वाचलेल्या पैशांतून एक साधा जादा संगणक, ज्यावर रोज रात्री नक्कल उतरेल आणि जो सर्व्हर बंद पडल्यास त्याच्या जागी लावता येईल. हा जादा संगणक सर्व्हरच्या खोलीत न ठेवता वाचनालयाच्या खोलीत ठेवावा. सर्व्हर आल्यावर पहिल्या महिन्यात लिनक्समधील ‘टॉप’ ही आज्ञा देऊन प्रोसेसर किती वेळ रिकामा राहतो याची रोजची नोंद बारावीच्या दोन विद्यार्थ्यांनी वहीत ठेवावी. वही आम्ही आणून देऊ.