नाण्या, तुझा ठसा कोणता?

मोदकाचा साचा पाहिलाय ना? समजा, त्या साच्याला आतून एक बारीकशी चीर पडली. मग त्यातून निघणाऱ्या प्रत्येक मोदकावर त्याच जागी एक रेघ उमटणार. पण एखादा मोदक साच्यातून काढताना चेपला, तर तो एकटाच चेपका! नाण्यांच्या चुकांचंही अगदी असंच असतं.

टांकसाळीत पोलादाचे दोन ठसे असतात. त्यांवर चित्र उलटं आणि खोलगट कोरलेलं असतं. दोन ठशांच्या मधे धातूची कोरी चकती ठेवायची आणि यंत्राने जोरात दाबायची. झालं नाणं! चकती जरा सरकली, की चित्र एका कडेला जातं. हा त्या एकट्या नाण्याचा अपघात. पण ठशालाच तडा गेला, तर दाबाखाली धातू त्या तड्यात शिरतो आणि नाण्यावर उंच रेघ येते. ठसा बदलेपर्यंत पुढच्या सगळ्या नाण्यांवर तीच रेघ! म्हणून एक युक्ती लक्षात ठेवा. बोटाला रेघ उंच लागली, तर संशय ठशावर. खोल लागली, तर बहुतेक वेळा तो नंतर पडलेला ओरखडा.

आता जाऊ या अमेरिकेत. तिथल्या शाळकरी मुलांनी पैसे जमवले होते. कशासाठी? पॅरिसमध्ये लाफायेत या फ्रेंच सेनानीचा घोड्यावर बसलेला पुतळा उभारायला. त्याच कामासाठी एक चांदीचा स्मारक डॉलरही निघाला. त्यावर 1900 साल आहे, पण नाणी पाडली 14 डिसेंबर 1899 ला, म्हणजे अमेरिकेचा पहिला राष्ट्राध्यक्ष जॉर्ज वॉशिंग्टन याच्या मृत्यूला बरोबर 100 वर्षं झाली त्या दिवशी. एका दिवसात सुमारे 50,000 नाणी!

ती सगळी सारखीच असतील, नाही का? मुळीच नाही. घोड्याच्या खाली ताडाची एक डहाळी आहे. तिची पानं मोजा. काही नाण्यांवर 14 भरतात, काहींवर 15! कुठे देठ लांब, कुठे आखूड. ठसे एकाहून जास्त होते आणि प्रत्येकाचं काम थोडं वेगळं झालं होतं. त्यामुळे सव्वाशे वर्षांनंतरही पानं मोजून आणि देठ पाहून संग्राहक सांगतात, की हे नाणं कोणत्या ठशाचं.

ठशातला फरक कधी मुद्दामही केलेला असतो. 1922 मध्ये आपला सेनानी जनरल ग्रँट याच्या जन्मशताब्दीला अमेरिकेने अर्ध्या डॉलरचं नाणं काढलं. त्यातल्या साधारण 5,000 नाण्यांवर ग्रँटच्या नावाजवळ एक छोटा, खोलगट तारा आहे. बाकीच्या हजारो नाण्यांवर तो नाही. तारा असलेलं नाणं दुर्मीळ, म्हणून महाग. मग काही लबाडांनी काय केलं? साध्या नाण्यावर तारा ठोकला! पण ठोकताना मागची बाजू दाबली जाते. तिथल्या घराच्या आणि झाडांच्या चित्रात नेमका तेवढाच भाग चपटा झाला, की चोरी पकडली.

आपल्याकडचं काय? स्वतंत्र भारताचं पहिलं स्मारक नाणं 1964 मध्ये पंडित नेहरूंच्या स्मरणार्थ निघालं, एक रुपयाचं आणि 50 पैशांचं. त्यातल्या 50 पैशांची गंमत बघा. काही नाण्यांवर नेहरूंचं नाव देवनागरीत आहे, तर काहींवर इंग्रजीत. शिवाय मुंबईच्या टांकसाळीचं नाणं असेल, तर त्यावर हिऱ्याच्या आकाराचं इवलंसं चिन्ह सापडतं. कोलकात्याच्या नाण्यावर चिन्हच नसतं.

हा शोध तुम्हीही घरी करू शकता. भिंग घ्या आणि घरातली सुटी नाणी टेबलावर ओता. सालाच्या खाली बघा. हिरा दिसला तर मुंबई, तारा दिसला तर हैदराबाद, ठिपका दिसला तर नोएडा, काहीच नसेल तर कोलकाता. तशा चार राशी करा. चिंच लावून नाणी घासायला मात्र जाऊ नका, बारीक खुणा पुसट होतात. आता एखाद्या नाण्यावर उंच रेघ दिसली, तर त्याच सालाची, त्याच टांकसाळीची बाकीची नाणी तपासा. दुसऱ्या नाण्यावर हुबेहूब तीच रेघ, त्याच जागी मिळाली? मग ती दोघं एकाच ठशातून निघालेली सख्खी भावंडं!