घरात लघवीची नळी लावलेलं ज्येष्ठ माणूस आहे? संसर्ग टाळण्यासाठी ‘या’ गोष्टी पाळा

अंधेरी-बोरिवली असो वा मुलुंड-घाटकोपर, मुंबईत ‘नर्सिंग होम’ म्हणजे छोटं खासगी रुग्णालय. त्यांची नोंदणी १९४९च्या कायद्याखाली होते. तिथून डिस्चार्ज मिळाला की कॅथेटर, म्हणजेच लघवीची नळी लावलेले आजी-आजोबा घरी किंवा वृद्धाश्रमात येतात. पुढची काळजी घरच्यांवर किंवा ब्युरोच्या मावशींवर येते.

धोका किती?

नळीवाटे जंतूंना मूत्राशयात जायला थेट रस्ता मिळतो. नळी आत असेपर्यंत दर दिवशी लघवीत जंतू येण्याची शक्यता साधारण ३ ते ७ टक्के असते. महिनाभरात जवळपास प्रत्येकाच्या लघवीत ते सापडतात. त्यामुळे पहिला उपाय एकच, गरज संपली की नळी काढणं. केवळ डायपर बदलण्याचा त्रास वाचतो म्हणून ती ठेवू नये.

रोज काय करायचं?

- नळी किंवा बॅगला हात लावण्याआधी आणि नंतर साबणाने हात धुवा.
- बॅग मूत्राशयाच्या खाली, पण जमिनीला न टेकता अडकवा. लघवी उतारानेच वाहते. बॅग वर गेली की ती मागे फिरते. व्हीलचेअरवर नेताना बॅग मांडीवर ठेवू नका.
- नळी दुमडू देऊ नका. नळी आणि बॅगचा जोड विनाकारण उघडू नका.
- बॅग दोन तृतीयांश भरण्याआधी रिकामी करा. तोटी भांड्याला लागू देऊ नका. वृद्धाश्रमात प्रत्येकाचं भांडं वेगळं हवं.
- रोज साध्या साबण-पाण्याने त्या जागेची स्वच्छता पुरेशी आहे.

गढूळ लघवी म्हणजे इन्फेक्शन?

नेहमीच नाही. त्रास नसताना केवळ रिपोर्टमध्ये जंतू दिसले म्हणून सहसा अँटिबायोटिक लागत नाही. उलट औषधांना दाद न देणारे जंतू वाढतात. मात्र ताप, थंडी, ओटीपोटात दुखणं, अचानक असंबद्ध बोलणं किंवा लघवीत रक्त दिसलं तर डॉक्टरांना कळवा. बॅगेत लघवी येणं थांबलं तर लगेच रुग्णालय गाठा. नळी स्वतः ओढू नका. तिच्या टोकाला आत फुगवलेला फुगा असतो.

एवढ्याने फरक पडतो?

हो. अमेरिकेतल्या ४०४ नर्सिंग होम्समध्ये, म्हणजे तिथल्या वृद्धांच्या शुश्रूषा केंद्रांत, अशाच सवयींवर भर दिल्यानंतर नळीमुळे होणारे संसर्ग ५४ टक्क्यांनी घटले, असं २०१७मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसलं.

डिस्चार्जच्या वेळी तीन प्रश्न नक्की विचारा: नळी कशासाठी ठेवली आहे, कधी काढायची किंवा बदलायची आणि ते कोण करणार? उत्तरं डिस्चार्ज कार्डावर लिहून घ्या.