माणसं वाढणारच, पण कुठे? किंग काउंटीबद्दलचे गैरसमज

अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यातली किंग काउंटी म्हणजे सिएटल, बेलव्ह्यू, रेडमंड या शहरांचा जिल्हाच म्हणा. मायक्रोसॉफ्ट आणि ॲमेझॉनच्या नोकऱ्यांमुळे अनेक मराठी कुटुंबंही तिथे स्थिरावली आहेत. १९९० मध्ये काउंटीची लोकसंख्या १५ लाख होती. २०२० मध्ये ती २२ लाख ६९ हजारांवर गेली. १९९० सालीच राज्याने वाढीच्या नियोजनाचा कायदा केला. त्याविषयी तिथल्या रहिवाशांतही बरेच गैरसमज आहेत.

गैरसमज : हा कायदा लोकसंख्या रोखण्यासाठी आहे.
वस्तुस्थिती : उलट, येणाऱ्यांसाठी जागा ठेवणं काउंटीला बंधनकारक आहे. राज्य सरकारचं वित्त कार्यालय प्रत्येक काउंटीच्या भावी लोकसंख्येचे कमी, मध्यम आणि जास्त असे अंदाज देतं. त्या मर्यादेतला आकडा धरून काउंटी आणि शहरं वीस वर्षांची वाढ आपसांत वाटून घेतात. ‘आमच्या गावात आता पुरे’ असं म्हणून कुणाला सुटता येत नाही.

गैरसमज : शहरी हद्दीबाहेर वीटसुद्धा रचता येत नाही.
वस्तुस्थिती : या कायद्यानुसार शहरी वाढीची हद्द आखली जाते. तिच्याबाहेर घर बांधता येतं, वसाहत नाही. ग्रामीण पट्ट्यात बहुतेक ठिकाणी पाच-दहा एकरांमागे एक घर असं प्रमाण असतं आणि सांडपाण्याची शहरी वाहिनी सहसा तिथवर नेत नाहीत. हद्दही कायमची गोठलेली नाही. काउंटीच्या एका योजनेनुसार एक एकर शहरी हद्दीत घ्यायचा, तर चार एकर कायम मोकळे सोडावे लागतात.

गैरसमज : जमीनमालकाच्या हाती काहीच लागत नाही.
वस्तुस्थिती : नुसती हद्द आखली म्हणून भरपाई मिळत नाही, हे खरं. पण मुंबईकरांच्या परिचयाचा टीडीआर, म्हणजे विकासहक्कांचं हस्तांतरण, तिथेही आहे. ग्रामीण मालक बांधकामाचा हक्क विकतो, तो हक्क शहरातल्या इमारतीवर वापरला जातो आणि जमीन कायमची मोकळी राहते. २००४ मध्ये स्नोक्वाल्मीच्या सुमारे ९०,००० एकर जंगलाचे विकासहक्क काउंटीने असेच घेतले.

गैरसमज : घरं आधी आणि रस्ते देवाच्या भरवशावर.
वस्तुस्थिती : नव्या बांधकामामुळे वाहतुकीचा दर्जा ठरलेल्या पातळीखाली घसरणार असेल, तर सुधारणा सोबतच किंवा सहा वर्षांत होईल अशी पैशांची तरतूद दाखवावी लागते, नाहीतर परवानगी मिळत नाही. मात्र राज्यभर महत्त्वाच्या मानलेल्या महामार्गांना ही अट लागू नाही. कोंडी तिथेच अनुभवाला येते.

गैरसमज : घरं महागली ती हद्दीमुळेच.
वस्तुस्थिती : हद्दीने जमीन मोजकी झाली, हे नाकारता येत नाही. पण हद्दीच्या आतही बहुतांश निवासी जमीन वर्षानुवर्षं ‘एका भूखंडावर एक घर’ या नियमाने बांधलेली होती आणि मागणी मात्र चढत्या पगारांमुळे वाढत होती. २०२३ मध्ये राज्याने हा नियम सैल केला : ७५,००० किंवा त्याहून अधिक वस्तीच्या शहरांत निवासी भूखंडावर किमान चार घरांना, तर मोठ्या सार्वजनिक वाहतूक स्थानकाजवळ सहा घरांना मुभा द्यावी लागते. जंगल आणि शेती वाचवायची, तर शहरातल्या शेजाऱ्यांना दाटीवाटी मान्य करावी लागते. विरोध सर्वांत जास्त होतो तो इथेच.