मागे ओव्हल बसवण्याआधी

कार अ‍ॅक्सेसरीजच्या दुकानात 'मागे दोन ओव्हल टाकायचेत' एवढं म्हटलं की काउंटरवर खोकी मांडली जातात. खोक्यावर ठळक अक्षरांत ४०० वॅट, ६०० वॅट, कधी त्याहूनही मोठा आकडा. गिऱ्हाईक मोठा आकडा बघून बोट ठेवतं आणि तासाभरात सहा बाय नऊ इंचांच्या लंबगोल स्पीकरची जोडी मागच्या पार्सल ट्रेवर बसते. पहिल्या दिवशी बेस दणदणीत वाटतो. आठवडाभरात ट्रे खडखडायला लागतो, गायक मानेमागून गात असल्यासारखा वाटतो आणि आवाज जरा वाढवला की फाटतो. यात दोष क्वचितच स्पीकरचा असतो. तो कशावर बसवला आणि कशाला जोडला, तिथेच गाडं अडलेलं असतं.

खरं तर या जोडीचा उपयोग मोठा आहे. बहुतेक छोट्या गाड्यांच्या खालच्या व्हेरिएंटमध्ये स्पीकर असलेच तर पुढच्या दोन दारांत, पायांच्या उंचीवर. त्यांचे बारीक, उंच स्वर पुढच्या सीटच्या पाठीतच शोषले जातात आणि मागे बसलेल्यांना गाण्याचे शब्द नीट लागत नाहीत. मग पुण्याहून कोल्हापूरला जाताना मागून 'जरा मोठं करा ना' असा आग्रह होतो आणि सगळा मारा पुढच्या दोघांच्या कानांवर होतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबानं ८० डेसिबलचा आवाज आठवड्याला ४० तास ऐकला तर चालतो. ९० डेसिबलला हीच मुभा चार तासांवर येते. मागे जोडी असली की पुढचा आवाज खाली आणता येतो आणि गाणं गाडीभर सारखं पोचतं. आवाज कमी ठेवता यावा, यासाठी मागचे स्पीकर असतात.

स्पीकरना मागच्या काचेखालची जागा मिळाली ती गाडीच्या बांधणीमुळे. १९३० साली शिकागोच्या गॅल्व्हिन बंधूंनी 'मोटोरोला' नावाचा कार रेडिओ बाजारात आणला, तेव्हा स्पीकर एकच असे. पुढे फोर्डने १९६६ च्या मॉडेलांत आठ-ट्रॅक टेप प्लेअर देऊ केला आणि स्टिरिओ संगीत गाडीत शिरलं. त्या काळच्या सेडान गाड्यांत मागच्या सीटमागे पत्र्याची रुंद फळी असायची आणि तिच्याखाली बंद डिकी. आपल्याकडच्या अ‍ॅम्बॅसॅडर आणि प्रीमियर पद्मिनीची बांधणीही तशीच. डिसेंबर १९८३ मध्ये मारुती ८०० आली आणि हॅचबॅकचं युग सुरू झालं. या गाड्यांत मागच्या काचेखाली पत्राच नाही. असतो तो दरवाज्याबरोबर वर उचलला जाणारा हलका ट्रे.

हा फरक बेसच्या मुळावर येतो. स्पीकरचा शंकूसारखा पडदा पुढे सरकतो तेव्हा समोरची हवा दाबली जाते आणि त्याच क्षणी मागची विरळ होते. म्हणजे एकाच पडद्याच्या दोन बाजूंनी एकमेकांच्या विरुद्ध लहरी निघतात. त्या एकत्र आल्या की ढोलकीच्या धुमेसारखे खालचे स्वर एकमेकांना खाऊन टाकतात. सेडानमध्ये मागची लहर डिकीत कोंडली जाते, म्हणून तिथे तोच स्पीकर भरदार वाजतो. हॅचबॅकच्या दाबलेल्या पुठ्ठ्याच्या ट्रेला चारी बाजूंनी फटी असतात, शिवाय ट्रे स्वतःच थरथरतो. त्यामुळे कंपनीच्या ट्रेला भोकं पाडणं म्हणजे पैसे वाया घालवणं. गाडीच्या मापाचा १२ ते १८ मिलिमीटर जाडीचा प्लाय किंवा एमडीएफचा ट्रे कापून घ्यावा, कडांना फोमची पट्टी लावावी आणि वर कार्पेट चढवावं. सेडान असेल तर पत्र्यावर डॅम्पिंग शीट चिकटवली की खडखड बरीच थांबते.

असा ट्रे स्पीकरसकट पाच-सहा किलोंचा सहज होतो. तो नुसता खाचेत ठेवला आणि जोराचा ब्रेक लागला, तर थेट मागे बसलेल्यांच्या डोक्यावर येईल. म्हणून नटबोल्ट किंवा पक्की क्लिप हवीच. सेडानमध्ये मागच्या सीटबेल्टची गुंडाळी आणि मुलांच्या सीटचा वरचा पट्टा अडकवायचा हूक पुष्कळदा याच फळीत असतो. तिथे कटर लावू देऊ नये.

आता वॅटचा आकडा. इंजिन चालू असताना गाडीच्या विजेचा दाब साधारण १४.४ व्होल्ट असतो आणि कार स्पीकर बहुधा चार ओहमचा. या दोन आकड्यांवरून हिशेब केला तर वेगळा अ‍ॅम्प्लिफायर नसलेला स्टिरिओ एका स्पीकरला न फाटता फार तर २५ वॅट देऊ शकतो. प्रत्यक्षात १५ ते २०. खोक्यावरचे ४०० वॅट ही त्या स्पीकरनं क्षणभर सोसायची कमाल मर्यादा असते. पाहायचा तो आरएमएसचा, म्हणजे सतत पेलता येणाऱ्या शक्तीचा आकडा आणि त्याहून महत्त्वाची सेन्सिटिव्हिटी, म्हणजे एक वॅट दिल्यावर स्पीकर एक मीटरवर किती डेसिबल आवाज करतो ते. ८९ ऐवजी ९२ डेसिबलचा स्पीकर घेतला तर तेवढ्याच आवाजासाठी निम्मी शक्ती पुरते.

जोडणीत दोन चुका वारंवार होतात. स्टिरिओला दोनच चॅनल असले तर मागचे स्पीकर पुढच्यांच्याच वायरींना समांतर जोडले जातात. चार ओहमचे दोन स्पीकर असे जोडले की भार दोन ओहमवर येतो, स्टिरिओ तापतो आणि एक दिवस बंद पडतो. दुसरी चूक प्लस-मायनसची. बाहेरून घेतलेल्या बहुतेक स्टिरिओंना मागच्या डाव्या स्पीकरसाठी हिरवी आणि उजव्यासाठी जांभळी वायर असते. काळी रेघ असलेली ती मायनस. शंका आली तर दीड व्होल्टचा साधा सेल घ्यावा आणि स्पीकरच्या सुट्या टोकांना क्षणभर टेकवावा. सेलचं प्लस स्पीकरच्या प्लसला लागलं असेल तर पडदा बाहेर येताना डोळ्यांना दिसतो. आत गेला तर जोडणी उलटी. एकच बाजू उलटी राहिली तरी बेस नाहीसा होतो. कंपनीची वायर कापू न देता कपलर लावला, तर वॉरंटीवरून होणारे वादही टळतात.

सगळं नीट बसल्यावर काम उरतं फेडरचं, म्हणजे पुढच्या आणि मागच्या आवाजाचा तोल साधण्याचं. १९४९ मध्ये हेल्मुट हास या जर्मन संशोधकानं दाखवलं की तोच आवाज दोन ठिकाणांहून किंचित अंतरानं आला, तर कान आधी पोचलेल्या आवाजाची दिशा धरतो. चालवणारा पुढच्या स्पीकरच्या जवळ असतो, त्यामुळे मागचे फार मोठे नसतील तर त्याला गायक समोरच गाताना वाटतो. फेडर मध्यावर ठेवून सुरुवात करावी आणि मागचा आवाज इतका कमी करावा, की तो वेगळा जाणवणार नाही, पण बंद केल्यावर मात्र गाणं आक्रसल्यासारखं वाटेल.

तेव्हा दुकानात जाताना ओळखीची दोन-तीन गाणी पेनड्राइव्हवर घेऊन जा, इंजिन चालू ठेवून ती ऐका आणि मागच्या सीटवर बसूनही ऐका. बजेट ठरलेलं असेल तर आधी ट्रे, वायर आणि पक्क्या बसवणीवर खर्च करा. उरलेल्या पैशांत ज्या कंपनीचे चांगले ओव्हल येतील, ते घ्या.