शेडखाली कोल्ह्याची पिल्लं: आधी कॅलेंडर बघा, मग फोन करा



बर्फ वितळलं की मॅसॅच्युसेट्समधल्या आपल्या मराठी ग्रुपवर दरवर्षी एक तरी असा फोटो येतो. मागच्या आवारातली शेड, तिच्या खाली उकरलेल्या मातीचा ताजा ढीग, बाजूला साधारण फूटभर रुंदीचं भोक. खाली प्रश्न: "फॉक्स आहे. पकडून न्यायला कोणाला बोलवायचं?" आणि मग पन्नास उत्तरं. कुणी म्हणतं पिंजरा लावा, कुणी म्हणतं अमोनिया ओता, कुणी म्हणतं भोक बुजवून टाका.

गेल्या काही वर्षांत आपल्यापैकी बरीच कुटुंबं बॉस्टनजवळच्या अपार्टमेंटमधून ग्रोटन, बोल्टन, वेस्टफर्डसारख्या गावांत, एक-दोन एकरांच्या जागेवर राहायला गेली. घर मोठं झालं, शाळा चांगली मिळाली, आणि शेजारी म्हणून जंगलही मिळालं. म्हणून आज या पाहुण्याबद्दल नीट बोलूया.

आधी नावाचा घोळ सोडवू. आपल्याकडे गोष्टींमधला, उसाच्या फडात दिसणारा, रात्री कोल्हेकुई करणारा कोल्हा म्हणजे इंग्रजीतला जॅकल. फॉक्स म्हणजे आपल्याकडचं खोकड, माळरानावर बीळ करून राहणारं छोटं जनावर. इथला रेड फॉक्स हा त्या खोकडाचा थोराड भाऊ. सगळेच त्याला कोल्हा म्हणतात, तर मीही तेच म्हणतो. पण हा फरक एका कामाला येतो. रात्री चार-पाच आवाज मिळून कोल्हेकुईसारखा गलका ऐकू आला, तर तो फॉक्स नव्हे, कायोटी. फॉक्स भुंकतो, आणि जानेवारी-फेब्रुवारीत माजावर आला की किंचाळतो. कुणी बाई संकटात आहे असं वाटून नव्या घरातले लोक थेट ९११ लावतात, इतकी ती किंकाळी माणसासारखी असते.

ओळख सोपी आहे. तांबूस अंग, काळे पाय, झुपकेदार शेपटी आणि तिचं टोक पांढरं, म्हणजे रेड फॉक्स. अंग राखाडी आणि शेपटीचं टोक काळं, म्हणजे ग्रे फॉक्स. तो झाडावरही चढतो. लोकरीसारख्या केसांमुळे रेड फॉक्स मोठा दिसतो, पण वजन सात ते पंधरा पौंड. म्हणजे एखाद्या दणकट मांजराएवढं. कायोटी त्याच्या तिप्पट-चौपट असतो.

आणि या कायोटीमुळेच कोल्हा तुमच्या शेडखाली येतो. कायोटी या राज्यात १९५०च्या दशकात आले आणि पसरत गेले. ते कोल्ह्यांना हुसकावतात, सापडलं तर मारतात. पण माणसांच्या घराच्या अगदी जवळ यायला ते कोल्ह्यापेक्षा जास्त कचरतात. कोल्हीण हिशेब करते: डोक्यावर छप्पर, खाली कोरडी माती, आसपास उंदीर आणि चिपमंक भरपूर, आणि कायोटी लांब. बाळंतपणाला याहून चांगली जागा कुठे मिळणार?

बाळंतपण हा शब्द मुद्दाम वापरला. कोल्हा एरवी बिळात राहत नाही; थंडीतही तो बहुतेक वेळा उघड्यावर, शेपटी नाकावर घेऊन झोपतो. बीळ लागतं ते पिल्लांसाठी. म्हणून वसंतात शेडखाली कोल्हा दिसला, तर आत पिल्लं आहेत असंच धरून चाला.

आता कॅलेंडर बघू. जानेवारी-फेब्रुवारीत जोडी जमते. गर्भ साधारण ५१ ते ५३ दिवसांचा. मार्चच्या मध्यापासून एप्रिलपर्यंत पिल्लं जन्मतात, बहुधा चार-पाच. जन्मतात तेव्हा डोळे मिटलेले, रंग काळपट तपकिरी. पहिले दोन आठवडे त्यांना स्वतःच्या अंगात ऊब धरता येत नाही, म्हणून आई जवळजवळ हलतच नाही आणि नर तिला खायला आणून देतो. चार-पाच आठवड्यांनी पिल्लं पहिल्यांदा बाहेर येतात. मे महिन्यात ती दिवसाढवळ्या तुमच्या हिरवळीवर कुस्ती खेळतात. आठ-दहा आठवड्यांत दूध सुटतं, जूनमध्ये ती आईबापांमागे फिरायला लागतात आणि बीळ ओस पडत जातं. शरद ऋतूत पिल्लं आपापल्या वाटेने कायमची निघून जातात.

म्हणजे भोक दिसल्यापासून जागा मोकळी होईपर्यंत साधारण दहा-बारा आठवडे. आमच्या कन्सल्टिंगच्या धंद्यात प्रत्येक अहवालात 'काहीच न करणे' हा एक पर्याय लिहावा लागतो, आणि ग्राहक तो न वाचताच पान उलटतो. इथे मात्र तो पहिला आणि बहुतेक वेळा शेवटचा पर्याय आहे. खर्च शून्य, आणि काम आपोआप पूर्ण होतं.

"पण आम्ही पैसे देऊ, पकडून लांब जंगलात सोडा ना," हा प्रश्न मला नेहमी येतो. मॅसॅच्युसेट्समध्ये हे बेकायदेशीर आहे. वन्य प्राणी पकडून तुमच्या जागेबाहेर नेऊन सोडायची परवानगी तुम्हालाही नाही आणि परवानाधारक प्रॉब्लेम ॲनिमल कंट्रोल एजंटलाही नाही. पकडलेला प्राणी त्याने एकतर तिथेच सोडायचा किंवा मारायचा. शिवाय १९९६ साली मतदारांनीच जनमत घेऊन पाय पकडणारे आणि अंग चिरडणारे बहुतेक सापळे बंद केले. म्हणजे "घेऊन जा" असं तुम्ही मृदू आवाजात म्हणालात, तरी त्याचा कागदोपत्री अर्थ बहुधा "मारा" असाच होतो. फोन करण्यापूर्वी हे माहीत असावं. इतर राज्यांत नियम वेगळे आहेत, तिथल्या श्रोत्यांनी आपल्या राज्याच्या वन्यजीव खात्याकडे विचारावं.

भोक बुजवण्याचं तर नावच काढू नका. एप्रिलमध्ये भोक बुजवलं तर दोनपैकी एक होतं. आई आत असेल तर ती दुसरीकडून उकरून बाहेर येते आणि शेडच्या पायाची वाट लावते. आई बाहेर असेल तर पिल्लं आत उपाशी मरतात, आणि पुढचे काही आठवडे तो वास तुम्हाला ते विसरू देत नाही.

आता खऱ्या भीतीकडे येऊ. रेबीज.

आपण भारतात वाढलेली माणसं. पिसाळलेला कुत्रा आणि पोटात चौदा इंजेक्शनं, हे लहानपणीच मनावर कोरलेलं आहे. ती भीती बिनबुडाची नाही. रॅकूनमधला रेबीज १९९२ मध्ये या राज्यात पोचला आणि तेव्हापासून तो इथल्या रानात आहे. रॅकून, स्कंक, वटवाघूळ आणि कोल्हा या सगळ्यांना तो होऊ शकतो. पण अमेरिकेत रेबीजने दगावणाऱ्या माणसांची संख्या वर्षाला दहापेक्षा कमी असते आणि त्यातही मोठा वाटा वटवाघळांचा असतो.

दिवसा कोल्हा दिसला म्हणजे तो पिसाळला, हा गैरसमज आहे. चार-पाच तोंडं भरायची असली की आईबाप दिवसपाळीही करतात. काळजी कधी करायची? तोल जात असेल, मागचे पाय लुळे पडले असतील, गोल गोल फिरत असेल, स्वतःला चावत असेल, किंवा कारण नसताना अंगावर येत असेल, तेव्हा. अशा वेळी सगळ्यांना आत घ्या आणि गावाच्या ॲनिमल कंट्रोल ऑफिसरला किंवा पोलिसांना फोन करा. अंगावरचे केस गेलेला, शेपटी दोरीसारखी झालेला कोल्हा दिसला तर ती बहुधा खरूज असते, एका सूक्ष्म किड्यामुळे होणारी. ती कुत्र्यांना लागू शकते, म्हणून कुत्रा लांब ठेवा आणि त्याच ऑफिसरला कळवा.

चावलाच, किंवा त्याची लाळ जखमेत गेली, तर साबण आणि पाण्याने जखम पंधरा मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी डॉक्टरकडे जा. "बघू उद्या" हे इथे चालत नाही, कारण लक्षणं दिसायला लागल्यावर उपाय जवळजवळ उरतच नाही. वेळेत गेलात तर उपाय अगदी खात्रीचा आहे, आणि आता पोटात चौदा नाहीत. आधी लस न घेतलेल्या निरोगी माणसाला दोन आठवड्यांत चार इंजेक्शनं दंडात, आणि पहिल्याच दिवशी जखमेत अँटिबॉडीचं एक औषध. कुत्र्यामांजरांना रेबीजची लस देणं या राज्यात कायद्यानेच बंधनकारक आहे. घरात मांजर बाहेर जात नसलं तरी.

आता घरातल्या माणसांबद्दल. आपले आईबाबा भारतातून साधारण एप्रिल-मेमध्ये येतात, म्हणजे पिल्लं बाहेर यायच्या मुहूर्तावर. नातवंडांपेक्षा जास्त कौतुकाने तेच खिडकीत बसतात. आणि मग कधीतरी पोळीचा तुकडा, वाटीभर दूध डेकच्या पायरीवर जातं. त्यामागची भावना मला कळते. गायीला घास, कुत्र्याला भाकरी, कावळ्याला पान, ही आपली रीत. आईंना "घालू नका" म्हटलं तर त्यांना आपण निष्ठुर वाटतो. त्यांना असं सांगा: आई, हे रानातलं पोर आहे, तुम्ही त्याला माणसाजवळ यायला शिकवलंत तर उद्या ते शेजाऱ्याच्या लहान मुलाजवळ जाईल, आणि मग त्याला मारायला लोक येतील. माणसाला न भिणारा कोल्हा फार जगत नाही. हे ऐकल्यावर बहुतेक आज्या स्वतःच पहारा करतात.

त्याच हिशेबाने पक्ष्यांच्या फीडरखालचे दाणे झाडून घ्या, कंपोस्टला झाकण लावा, आंब्याच्या साली आणि कोयी उघड्यावर टाकू नका, कुत्र्याचं खाणं रात्री आत घ्या. सप्टेंबरमध्ये पितृपक्षात कावळ्यासाठी पान ठेवत असाल, तर संध्याकाळी ते उचला.

मुलांना एक हद्द आखून द्या. बिळापासून लांब, एखाद्या झाडापासून पुढे जायचं नाही, इतकं सोपं. पिल्लाला हात लावायचा नाही, एकटं दिसलं तरी उचलायचं नाही. आई बहुधा जवळच असते. वाळूचा चौकोन झाकून ठेवा, कारण कोल्ह्याच्या विष्ठेतून जंतांची अंडी येऊ शकतात. कुत्र्याला जूनपर्यंत पट्ट्यावर फिरवा. कोल्हीण त्याच्यावर भुंकेल, मागे मागे येईल. तो हल्ला नसून "चल, निघ इथून" असा निरोप असतो.

कोंबड्या पाळल्या असतील तर मात्र कोल्ह्याला दोष देऊन उपयोग नाही, खुराडं भक्कम हवं. दुकानात 'चिकन वायर' म्हणून मिळणारी षटकोनी जाळी कोंबडी आत ठेवते, कोल्ह्याला बाहेर ठेवत नाही. अर्ध्या इंचाची जाड 'हार्डवेअर क्लॉथ' लावा, ती जमिनीत फूटभर पुरा, आणि अंधार पडायच्या आत दार बंद करा.

उंदरांचं विष वापरू नका, ही खास विनंती. विष खाल्लेला उंदीर कोल्ह्याच्या पोटात जातो, आणि जो प्राणी फुकटात उंदीर कमी करत होता तोच मरतो. लाइम आजाराचे जंतू गोचिडींपर्यंत पोचतात ते मुख्यतः उंदरांसारख्या छोट्या प्राण्यांमुळे, हेही लक्षात असू द्या.

जागा खरोखरच अडचणीची असेल, म्हणजे पायरीच्या अगदी खाली किंवा डेकेअर चालवत असाल तर, पिल्लं बाहेर खेळायला लागल्यावर, मेच्या मध्यानंतर, त्यांना हळूच नोटीस देता येते. भोकाच्या तोंडाशी वाळकी पानं सैल टाका. घामट टीशर्ट, जुने बूट ठेवा. रेडिओवर माणसांच्या गप्पा लावून ठेवा. आपला हा कार्यक्रम चालेल, आमचे श्रोतेही वाढतील. जागा सुरक्षित राहिली नाही असं वाटलं की आई एकेक पिल्लू तोंडात धरून दुसऱ्या बिळात नेते. त्याला काही रात्री लागतात, तेवढा वेळ द्या. अमोनिया मात्र नको. बंद जागेत तो लहान पिल्लांना जाळतो.

आणि पुढच्या वर्षी हे नको असेल तर खरं काम ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये आहे. भोकात वर्तमानपत्राचे बोळे सैल भरा. चार-पाच दिवस ते जसेच्या तसे राहिले, तर आत कुणी नाही. मग शेडच्या चारही बाजूंनी जाळी फूटभर खोल पुरा आणि खालचं टोक बाहेरच्या बाजूला इंग्रजी एल अक्षरासारखं वळवा, म्हणजे उकरणाऱ्याचे पंजे जाळीवरच अडतात. हे ऑक्टोबरच्या आत उरका. पुढे तिथे वुडचक झोपायला आला, तर तो वसंतापर्यंत उठत नाही, आणि तोवर कोल्ह्यांची जोडी पुन्हा जागा शोधायला लागलेली असते.

तेव्हा या आठवड्यात कुणाच्या शेडखाली मातीचा ढीग दिसला, तर आधी तारीख बघा आणि जूनअखेरीवर एक खूण करा. ऑगस्टमध्ये जाळी आणायची आठवण फोनमध्ये टाका. मधल्या काळात दुर्बीण खिडकीशी ठेवा, आईबाबांना खुर्ची द्या.

तुमच्या आवारात काय दिसतंय ते जरूर कळवा. पुढच्या आठवड्यात भेटू. नमस्कार.