गाण्यांचें भाडें

गेल्या श्रावणांतील गोष्ट. दिवाबत्ती होऊन मंडळी माजघरांत बसली असतां माझ्या पुतण्याच्या फोनवर एक संदेश आला. घरांत गाणीं ऐकण्यासाठीं आम्ही जी सेवा घेतली आहे, तिची मासिक वर्गणी उद्यां त्याच्या खात्यांतून वळती होणार होती. अशी सूचना ग्राहकास निदान चोवीस तास आधीं मिळाली पाहिजे, हा रिझर्व्ह बँकेचा नियम १ ऑक्टोबर २०२१ पासून अमलांत आहे, म्हणून ती येते. येथवर नवें कांहीं नव्हतें. नवा होता तो आंकडा. "विचारलें नाहीं, सवरलें नाहीं, परस्पर दर वाढविले! आजच बंद करून टाकतों," असें म्हणून पुतण्या उठला. (मागाहून पाहतां कंपनीनें महिन्यापूर्वींच पत्र धाडलें होतें असें निघालें; तें कोणीं उघडलेंच नव्हतें.) सूनबाईंनीं हिशेब सांगितला कीं, वाढ अर्ध्या लिटर दुधाच्या आंत आहे, तिच्यासाठीं एवढा आरडाओरडा नको. इतक्यांत पुतण्याच्या मातोश्री, म्हणजे आमच्या थोरल्या वहिनी, कोपऱ्यांतून म्हणाल्या, "म्हणजे माझीं गाणीं जाणार का रे?"

वाद तेथेंच थांबला.

वहिनींच्या गाण्यांची हकीकत अशी. गतवर्षीं गुडघ्याच्या शस्त्रक्रियेमुळें त्यांस दोन महिने अंथरुणावर काढावे लागले. त्या दिवसांत मुलगा रोज कामावरून आल्यावर त्यांच्यापाशीं बसे आणि त्यांस आठवेल तें एकेक पद शोधून काढी. कधीं नाटकाचें नांव अर्धवट आठवे, कधीं ध्रुवपदांतला नुसता एखादा शब्द. अशा रीतीनें दोनशें चौदा गाण्यांची यादी तयार झाली: नाट्यपदें, अभंग, भावगीतें, आणि माहेरीं कधीं काळीं तबकडीवर ऐकलेल्या दोन-चार ठुमऱ्या. आज सकाळीं निवडणटिपण करतांना त्या हीच यादी ऐकतात. हें सारें ज्या जागेंत रचलें आहे ती जागा आमची नव्हे, हें त्या संदेशापर्यंत कोणाच्या ध्यानांतहि आलें नव्हतें.

आमच्या माजघरांत जें घडलें तेंच देशोदेशीं घडत आहे. स्पॉटिफाय ही कंपनी २००६ सालीं स्टॉकहोम येथें स्थापन झाली. जुलै २०११ मध्यें ती अमेरिकेंत आली तेव्हां एका माणसाची वर्गणी दरमहा ९.९९ डॉलर ठरली, आणि पुढें बारा वर्षें ती एका सेंटानेंहि हालली नाहीं. जुलै २०२३ मध्यें ती १०.९९ झाली, वर्ष लोटतें न लोटतें तोंच ११.९९. कुटुंबाची वर्गणी याच अवधींत १५.९९ वरून १६.९९ व तेथून १९.९९ वर गेली. ॲपलनें ऑक्टोबर २०२२ मध्यें व ॲमेझॉननें २०२३ च्या आरंभीं हेंच एका डॉलरचें पाऊल आधीं टाकलें होतें. ग्राहक रागावले. सेवा सोडून जाण्याच्या प्रतिज्ञा झाल्या, आणि कोणती सेवा स्वस्त याची चर्चा घरोघर चालली.

हिशेब पाहूं गेल्यास रागास फारसा आधार नाहीं. २०११ सालचे ९.९९ डॉलर म्हणजे महागाईच्या मानानें २०२३ सालचे सुमारें साडेतेरा. दर हालला नाहीं याचाच अर्थ तो वर्षानुवर्षें उतरत होता. वाढ होऊनहि तो मूळ दरापर्यंत पोंचला नाहीं. परंतु मनुष्य महागाईचें कोष्टक खिशांत घेऊन हिंडत नाहीं. जो दर बारा वर्षें स्थिर राहतो त्यास तो, कोणीं वचन दिलें नसतांहि, वचन समजूं लागतो. डॅनियल काहनेमन, जॅक नेट्श व रिचर्ड थेलर या तिघां विद्वानांनीं १९८६ सालीं प्रसिद्ध केलेल्या एका लेखांत याच वृत्तीची परीक्षा आहे. त्यांनीं लोकांस विचारलें: एक दुकानदार बर्फ उपसण्याचें फावडें पंधरा डॉलरला विकतो, मोठें हिमवादळ झाल्यावर दुसऱ्याच दिवशीं तो वीस मागूं लागला, तर हें योग्य कीं अयोग्य? शेंकडा ८२ जणांनीं 'अयोग्य' असें उत्तर दिलें. पांच डॉलर हा तेथें मुद्दा नव्हता. गिऱ्हाईक अडलेलें पाहून दर वाढविला, हें लोकांस खुपलें.

आतां गाण्याचा ग्राहक कोठें अडतो तें पाहावें. मासिकाच्या वर्गणीदारांस दरवाढ नवी नाहीं. कागद महागला कीं संपादकांचें विनंतिपत्र येतें, आपण कुरकुरतों, आणि नाहींच परवडलें तर अंक बंद करतों. तरी जुने अंक फडताळांत राहतात. संस्कृतांत यासाठीं दोन निराळे शब्द आहेत. 'मूल्य' दिलें म्हणजे वस्तु आपली झाली. 'भाटक' दिलें म्हणजे ती तात्पुरती वापरावयास मिळाली. या 'भाटका'चेंच आपलें 'भाडें' झालें. ग्राहक दरमहा देतो तें भाडें, पण यादी रचतांना त्याच्या मनांत भाव असतो मूल्याचा. निवडण्याचे श्रम त्याचे, आठवणी त्याच्या. तेव्हां भाडें वाढलें कीं आपल्याच घरांत आपणांस कोणी भाडेकरू म्हणाला असें त्यास होतें. लहानपणीं आमच्या घरीं रेडिओ होता. त्याच्या परवान्याचे वर्षाला पंधरा रुपये पोस्टांत भरावे लागत, आणि वडील ते दरवर्षीं कुरकुरत भरीत. परंतु रेडिओवरचें गाणें आपलें आहे असें कोणासच वाटत नसे. तें येई आणि जाई.

म्हणूनच तोंडानें 'सोडतों' म्हणणारे पुष्कळ आणि प्रत्यक्ष सोडणारे थोडे. स्पॉटिफायचे पैसे देणारे वर्गणीदार जून २०२३ अखेर २२ कोटी होते. पहिल्या वाढीनंतर त्या वर्षाच्या शेवटीं ते २३ कोटी ६० लाख झाले, आणि दुसऱ्या वाढीनंतर २०२४ अखेर २६ कोटी ३० लाख. कंपनीस सबंध वर्षाचा नफा प्रथम झाला तो याच २०२४ सालीं. याउलट २०११ सालीं नेटफ्लिक्सनें घरपोंच तबकड्या व तारेवरील चित्रपट यांची फारकत करून ९.९९ डॉलरचे १५.९८ केले, तेव्हां एका तिमाहींत अमेरिकेंतील सुमारें आठ लक्ष ग्राहक निघून गेले. वाढ एकदम शेंकडा साठ होती हें खरेंच. पण पाहिलेला चित्रपट मनुष्य मागें सोडूं शकतो. गाणें त्यास पुन्हां पुन्हां लागतें.

दर वाढवितांना कारण काय सांगतात, यावरहि बरेंच अवलंबून असतें. कलावंतांस अधिक मिळेल असें कळल्यास रसिक एखादा डॉलर आनंदानें देईल. परंतु २०२४ च्या वाढीपूर्वींच स्पॉटिफायनें अमेरिकेंत वर्गणींत दरमहा पंधरा तासांचीं श्राव्य पुस्तकें घातलीं होतीं. ज्यांस गाण्याखेरीज कांहीं नको, त्यांच्यासाठीं १०.९९ ची निराळी वर्गणी काढावी लागली. याहून चमत्कारिक गोष्ट पुढें आहे. पुस्तकें व गाणीं यांचें एकच गाठोडें ठरल्यामुळें गीतकार-संगीतकारांच्या एका प्रकारच्या मानधनाची आकारणी कमी दरानें होऊं लागली, आणि तें मानधन गोळा करणाऱ्या अमेरिकेंतील संस्थेनें मे २०२४ मध्यें कंपनीवर दावा लाविला. म्हणजे श्रोता अधिक देतो त्याच वर्षीं गीतकाराच्या वांट्याचा तंटा न्यायालयांत जातो! हें वाचून मला पुतण्याचा राग प्रथमच रास्त वाटला.

आपल्याकडे ही कंपनी फेब्रुवारी २०१९ मध्यें दरमहा ११९ रुपयांवर आली. येथील बहुतेक श्रोते जाहिराती सोसून फुकटच ऐकतात, तेव्हां त्यांचा दर वाढविणार कसा? ऑक्टोबर २०२३ मध्यें तिनें फुकट ऐकणारांस गाणीं आपल्या क्रमानें लावण्याची व मागें-पुढें नेण्याची मोकळीक काढून घेतली. रुपया न वाढवितां केलेली ही वाढच होय. यूट्यूबनें, जिच्यांत संगीतहि येतें ती कुटुंबाची वर्गणी ऑगस्ट २०२४ मध्यें १८९ वरून एकदम २९९ रुपयांवर नेली. या 'कुटुंबां'त माणसें सहाच, आणि तीं एकाच घरांत राहणारीं हवींत. आमच्या घरीं एका चुलीवर अकरा पानें होतात. एकत्र राहण्याची अट आम्ही तीन पिढ्या पाळीत आलों आहों. सहाची अट कशी पाळावी हें मात्र कोणी सांगत नाहीं. आमच्या सेवेचाहि नियम असाच असल्यामुळें कोणास गाळावें हा प्रश्न दर दिवाळीस निघतो. यंदां मीं आपण होऊन नांव कमी करवून घेतलें.

दर वाढला तरी सेवा चालू राहते, एवढें तरी समाधान मानावें, तर तेंहि नाहीं. रेसो ही सेवा भारतांत ३१ जानेवारी २०२४ रोजीं बंद झाली, आणि एअरटेलनें आपली विंक त्याच वर्षीं गुंडाळली. त्यांवर कोणाकोणाच्या वहिनींच्या याद्या होत्या, कोण जाणे.

आम्हीं वाढीव वर्गणी भरली. पुतण्यानें दुसऱ्या दिवशीं त्या विषयाचा उच्चारहि केला नाहीं. त्या आठवड्यांत मीं एक दोनशें पानी वही आणली आणि वहिनींची यादी उतरवून घेण्यास आरंभ केला: पद, नाटक, गायक, आणि तें त्यांनीं प्रथम कोठें ऐकलें तें. "काका, हें काम यंत्र एका मिनिटांत करील," असें पुतण्या म्हणतो, आणि तें खरें आहे. पण शेवटचा रकाना यंत्रास भरतां यावयाचा नाहीं. वहिनी सांगतात, मी लिहितों. मधूनच एखादें पद पहिल्यानें कोणीं गाइलें यावर आमचें जुंपतें आणि त्या दिवशींचें काम तेवढ्यावरच थांबतें. आजपर्यंत एकशें एकसष्ट झालीं आहेत.