वेळापत्रकाने वाढवलेली इमारत

गॅरी हे गाव आपल्याकडे ठाऊक असलंच तर मायकेल जॅक्सनचं जन्मगाव म्हणून. अमेरिकेतल्या इंडियाना राज्यात, मिशिगन सरोवराच्या दक्षिण काठावर ते आहे. शंभर वर्षांपूर्वी मात्र देशोदेशीचे शिक्षणतज्ज्ञ आगगाडीने या गावी उतरत, ते तिथल्या शाळा बघायला. बघण्यासारखी गोष्ट दोन जागी होती. अर्धी इमारतीत आणि अर्धी भिंतीवर लावलेल्या वेळापत्रकात.

गाव नवं कोरं होतं. 1906 मध्ये युनायटेड स्टेट्स स्टील कंपनीने सरोवराकाठच्या वाळूच्या टेकड्या सपाट करून पोलादाचा कारखाना काढला आणि त्याच्या शेजारी वस्ती उभारली. कंपनीचे अध्यक्ष एल्बर्ट गॅरी यांचं नाव तिला मिळालं. पूर्व आणि दक्षिण युरोपातले मजूर आले, पुढे दक्षिणेकडच्या राज्यांतून कृष्णवर्णीय कुटुंबं आली. शाळेत जाणारी मुलं दरवर्षी वाढत होती आणि तेवढ्या वेगाने शाळा बांधणं गावाला झेपण्यासारखं नव्हतं. 1907 मध्ये शाळांचे अधीक्षक म्हणून विल्यम वर्ट आले. शेतकऱ्याचा मुलगा, वय तेहतिशीच्या आसपास. ब्लफ्टन या लहान गावात त्यांनी आपली कल्पना आधी करून पाहिली होती. इथे त्यांना कोरी पाटी मिळाली.

शाळेच्या जागेचा हिशेब आपण सहसा दोन आकड्यांत करतो, मुलं किती आणि खोल्या किती. वर्ट यांनी त्यात तासांचा आकडा घातला. समजा, शाळेत वीस वर्गखोल्या आहेत आणि एका खोलीत चाळीस मुलं मावतात. म्हणजे पटसंख्या आठशे. ही आठशे मुलं वर्गात असतात तेव्हा मैदान, सभागृह, प्रयोगशाळा ओस पडलेली असतात, आणि मैदानावर गेली की वीसच्या वीस खोल्या रिकाम्या. वर्ट म्हणाले, सोळाशे मुलं घ्या आणि त्यांचे दोन गट करा. पहिला गट गणित-भाषा-इतिहासाला वर्गात बसेल, तेव्हा दुसरा सुतारशाळेत, व्यायामशाळेत, चित्रकलेला, सभागृहात असेल. टोल पडला की अदलाबदल. म्हणून या पद्धतीला ‘प्लाटून (सैनिकी तुकडी) पद्धत’ असंही नाव पडलं. सार्वजनिक बागेतलं बाक कुणा एकाच्या नावावर नसतं, मग शाळेतलं का असावं, असा त्यांचा सवाल होता.

या हिशेबात एक अट आहे आणि ती सहज नजरेआड होते. वर्गाबाहेरच्या आठशे मुलांना खरोखर कुठेतरी जायला हवं. त्यामुळे वर्ट यांच्या इमारती साध्या असून भागणार नव्हतं. सेंट लुइसचे वास्तुविशारद विल्यम इटनर यांनी एमर्सन शाळा बांधली, ती 1909 मध्ये सुरू झाली. पाठोपाठ 1912 मध्ये फ्रोबेल शाळा आली. बालवर्गापासून बारावीपर्यंतची मुलं एकाच छपराखाली, भोवती मैदान, आत सभागृह, व्यायामशाळा, प्रयोगशाळा आणि पोहण्याचा तलावसुद्धा. सुतारकाम, रंगकाम, छपाई यांच्या कार्यशाळा होत्या. त्या चालवायला त्या-त्या धंद्यातले कसलेले कारागीर नेमले होते. मुलं शाळेचीच बाकं दुरुस्त करत, शाळेचेच कागद छापत. प्राथमिकच्या मुलांनाही विषयागणिक वेगळा शिक्षक असे.

शाळेचा दिवस लांबवून जवळपास आठ तासांचा केला होता. त्यातला एक तास सभागृहाचा, आणि तो रीतसर विषय होता. नाटक, गाणं, भाषण, चित्रपट, वेगवेगळ्या इयत्तांची मुलं एकत्र. संध्याकाळी त्याच इमारतीत कारखान्यातून सुटलेले कामगार इंग्रजी शिकायला येत. 1914 पासून मुलांना आठवड्यातला काही वेळ धर्मशिक्षणासाठी आपापल्या चर्चमध्ये जायची मुभा मिळाली. ही चाल पुढे देशभर पसरली आणि शाळेच्या आवारातच असे वर्ग भरवावेत का, हा वाद 1948 मध्ये थेट सर्वोच्च न्यायालयात गेला. न्यायालयाने ‘नाही’ म्हटलं. वेळापत्रकातला एक तास राज्यघटनेपर्यंत कसा पोचतो, याचं याहून चांगलं उदाहरण मला तरी माहीत नाही.

शिक्षणविचारवंत जॉन ड्यूई आणि त्यांची कन्या एव्हलिन यांनी 1915 च्या आपल्या पुस्तकात गॅरीच्या शाळांची वाखाणणी केली. पुढच्याच वर्षी रँडॉल्फ बोर्न या तरुण लेखकाने या शाळांवर सबंध पुस्तक लिहिलं. (डॉ. आंबेडकर न्यू यॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात ड्यूईंच्या वर्गात बसत होते तो हाच काळ. गॅरीची पद्धत न्यू यॉर्कमध्ये आणावी का, हा वाद तेव्हा शहरात गाजत होता.)

वाद व्हायचं कारण न्यू यॉर्कचे महापौर जॉन मिचेल. तिथल्या शाळा मुलांनी इतक्या खचाखच भरल्या होत्या की हजारोंना अर्धाच दिवस शिकायला मिळे. नव्या इमारतींचा खर्च टाळायचा तर गॅरीचा मार्ग स्वस्त, असं मिचेल यांच्या मनाने घेतलं. वर्ट यांना सल्लागार नेमलं, महिन्यातून एक आठवडा काम आणि वर्षाला दहा हजार डॉलर. अडचण अशी की पुष्कळ जुन्या इमारतींत कार्यशाळा नव्हत्या, तलाव नव्हते, धड मैदानही नव्हतं. वेळापत्रक गॅरीहून आलं, इमारत आली नाही. मुलं दुप्पट झाली आणि एका जागेवरून दुसऱ्या जागी हाकली जाऊ लागली. स्थलांतरित ज्यू पालकांना तर कार्यशाळांचाच संशय होता. आपण कारखान्यात राबलो, मुलांनी कॉलेजात जावं म्हणून, आणि हे लोक त्यांना पुन्हा हातोडाच देताहेत. तेलसम्राट रॉकफेलरच्या पैशावर चालणाऱ्या शिक्षण मंडळाचा या योजनेत रस होता, त्याने संशयाला बळच मिळालं. ऑक्टोबर 1917 मध्ये मुलं रस्त्यावर आली, शाळांच्या काचा फुटल्या, पोलिस बोलवावे लागले. नोव्हेंबरच्या निवडणुकीत या योजनेविरुद्ध रान उठवणारे जॉन हायलन जिंकले आणि मिचेल सपशेल पडले. महापौराची खुर्ची घालवण्यात शाळेच्या वेळापत्रकाचाही हात होता.

त्या पालकांना अडाणी म्हणण्याचा मोह होऊ शकतो. मला ते पटत नाही. शाळा आपल्या मुलासाठी बदलतेय की पालिकेचा खर्च वाचवायला, हे त्यांनी अचूक ओळखलं होतं. 1918 मध्ये अब्राहम फ्लेक्सनर आणि फ्रँक बाकमन यांनी खुद्द गॅरीची पाहणी करून अहवाल दिला, त्याचा सूरही संमिश्र होता. कल्पना दमदार, अंमल ढिसाळ, वाचन-गणितातली प्रगती बेताची. तरी डेट्रॉइटसारख्या शहरांनी ही पद्धत उचलली, आणि 1920 चं दशक संपेपर्यंत ती अमेरिकेतल्या दोनशेहून अधिक शहरांत पोचली होती.

गॅरीतली आणखी एक गोष्ट पाहुण्यांना दाखवली जात नसे. या देखण्या इमारती सर्वांसाठी सारख्या उघड्या नव्हत्या. 1927 मध्ये एमर्सनमध्ये थोड्या कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांना घेतलं, तेव्हा शेकडो गोऱ्या मुलांनी वर्गावर बहिष्कार टाकला. गावाने तडजोड केली ती त्यांच्याशीच. कृष्णवर्णीयांसाठी रूझवेल्ट ही वेगळी शाळा बांधली गेली. 1945 मध्ये फ्रोबेलच्या गोऱ्या मुलांनी असाच संप केला. तो मिटावा म्हणून प्रसिद्ध गायक फ्रँक सिनात्रा स्वतः गॅरीला येऊन मुलांपुढे गायला. संप त्याने लगेच मिटला नाही. तासातासाला मुलांची अदलाबदल करणाऱ्या या गावाला ही अदलाबदल जमली नाही.

वर्ट 1938 मध्ये गेले आणि त्यांच्यामागे त्यांची पद्धत हळूहळू मोडीत निघाली. पोलादाचा धंदा बसला तसं गावही ओसरलं. 1960 मध्ये पावणेदोन लाखांहून अधिक असलेली लोकसंख्या 2020 मध्ये सत्तर हजारांच्या आत आली. फ्रोबेल 1977 मध्ये बंद झाली, एमर्सन 2008 मध्ये. एकेकाळी जागा पुरत नाही म्हणून नावारूपाला आलेल्या शाळा मुलं पुरत नाहीत म्हणून मिटल्या.

एकाच इमारतीत दोन शाळा मावण्याचा प्रकार महाराष्ट्राला नवा नाही. मुंबई-पुण्यातल्या कितीतरी शाळा सकाळ आणि दुपार अशा दोन अधिवेशनांत भरतात. आपण गॅरीच्या हिशेबातला फक्त पहिला भाग घेतला. खोल्या दोनदा वापरल्या आणि मुलाचा दिवस मात्र निम्मा केला. एक वर्ग सुटतो, दुसरा दारात उभा असतो, मधल्या वेळात शिपाई झाडू मारून घेतो. फेब्रुवारी 2024 मध्ये शासनाने चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी नऊच्या आधी भरवू नका, असं सांगितलं, तेव्हा दोन अधिवेशनांच्या शाळांची पंचाईत झाली ती यामुळेच. मुलांची झोप पुरी व्हावी हा हेतू उत्तम, पण सकाळ पुढे सरकली की दुपारही सरकते, आणि संध्याकाळी उशिरा सुटणाऱ्या मुलांच्या बसचं काय करायचं, हा प्रश्न उरतोच.

पुढच्या पालकसभेत तुमच्या शाळेने नव्या मजल्याचा नकाशा किंवा बदललेल्या वेळा पुढे ठेवल्या, तर नकाशा आणि वेळापत्रक दोन्ही शेजारी-शेजारी मागून घ्या. आणि वर्गात नसलेली मुलं त्या तासाला नेमकी कुठे असतील, एवढं विचारा.